मुळातला दुसरा बँड: मक्याच्या फेरेडॉक्सिनचं एक प्रकरण

हे आमच्या लॅबमधलं प्रकरण आहे, नावं आणि संस्था मुद्दाम गाळल्यात. जिच्या कामाबद्दल लिहितोय ती पीएचडीची विद्यार्थिनी, तिला विचारून आणि तिला आधी वाचायला देऊनच लिहिलंय. मी त्याच लॅबमध्ये सीनियर होतो आणि यातल्या निम्म्या चुका माझ्या नजरेखालून गेल्यात, तेव्हा मी काही बाहेरून बघणारा नाही.

पार्श्वभूमी

फेरेडॉक्सिन म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारं छोटं प्रोटीन. साधारण शंभरेक अमिनो आम्लांचं, आणि त्याच्या आत लोखंडाचे दोन आणि गंधकाचे दोन अणू असा एक गुच्छ बसवलेला, इलेक्ट्रॉन येतो तो या गुच्छावर येतो आणि तिथूनच पुढे जातो. रंग तांबूस तपकिरी. नीट शुद्ध केलं ना, तर कॉलममध्ये त्याचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी खाली सरकताना दिसतो, आणि ज्याने तो एकदा बघितलाय तो विसरत नाही. हे नाव १९६२ मध्ये एका जिवाणूतल्या प्रोटीनला दिलं गेलं आणि त्याच वर्षी पालकाच्या पानातल्या प्रोटीनलाही लागू झालं.

आता पुस्तकात आपण शिकतो ते पानातलं. उजेड पडला की फोटोसिस्टिम १ कडून, म्हणजे उजेड शोषून इलेक्ट्रॉन पुढे ढकलणाऱ्या प्रोटीनांच्या संचाकडून, इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनकडे, तिथून एफएनआर नावाच्या एंझाइमकडे, आणि शेवटी एनएडीपीएच तयार, म्हणजे पेशीतल्या बाकीच्या कामांना इलेक्ट्रॉन पुरवणारा छोटा रेणू. पण मूळ तर अंधारात असतं, तिथे कुठला उजेड आणि कुठलं फोटोसिस्टिम. तरी मुळाच्या प्लास्टिडमध्ये, म्हणजे पेशीतल्या हरितलवकासारख्याच पण बिनहिरव्या कप्प्यात, फेरेडॉक्सिन असतं, आणि तिथे गाडी उलट्या दिशेने चालते, म्हणजे साखर मोडून मिळालेलं एनएडीपीएच आपले इलेक्ट्रॉन एफएनआरमार्फत फेरेडॉक्सिनला देतं आणि फेरेडॉक्सिन ते नायट्राइट रिडक्टेजसारख्या एंझाइमला पोचवतं. एका नायट्राइटपासून अमोनियम करायला सहा इलेक्ट्रॉन लागतात आणि फेरेडॉक्सिन एका वेळी एकच नेतं, म्हणजे सहा फेऱ्या.

उलट दिशेला जायचं तर प्रोटीनही त्या कामाचं लागतं. रेडॉक्स पोटेन्शियल जितकं जास्त उणे, तितकं त्या प्रोटीनला इलेक्ट्रॉन देणं अवघड. मक्याच्या पानातल्या फेरेडॉक्सिनचं ते उणे ४२० मिलिव्होल्टच्या आसपास असतं, आणि एनएडीपीएचचं उणे ३२०. म्हणजे एनएडीपीएचकडून पानातल्या प्रकाराला इलेक्ट्रॉन द्यायचे तर चढावर पाणी चढवण्यासारखं आहे. मुळातल्या प्रकाराचं पोटेन्शियल उणे ३४५ च्या जवळपास, तिथे चढ फारसा उरतच नाही. एकाच झाडात, एकाच नावाचं प्रोटीन, पण कुठल्या टिश्यूत काम करायचंय त्यानुसार घडवलेलं. मला हे आजही फार सुंदर वाटतं.

मक्यात हे सगळं अजून एक पायरी पुढे जातं कारण मका सी-४ पीक, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाचं काम दोन प्रकारच्या पेशींत वाटून करणारं. पानात मेसोफिल पेशी वेगळ्या आणि शिरेभोवतीच्या बंडल शीथ पेशी वेगळ्या, दोघींची कामं वाटून घेतलेली. जपानमधले तोशिहारु हासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं की या दोन पेशींमध्ये फेरेडॉक्सिनचे प्रकारही वेगवेगळे वाटलेले आहेत, पहिला प्रकार मेसोफिलचा आणि दुसरा बंडल शीथचा. तिसरा प्रकार मुळांसारख्या उजेड न लागणाऱ्या भागातला. आणि याच मंडळींनी १९९७ मध्ये मक्याच्या मुळातून अजून एक शोधला, फेरेडॉक्सिन ६, जो मुळाला नायट्रेट मिळालं तरच भरपूर तयार होतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, आमच्या ते लक्षात नव्हतं.

तिचा विषय होता पाण्याचा ताण पडला की मक्यात या प्रोटीनचं काय होतं. आमच्याकडे मका म्हणजे पावसावरचंच पीक बहुतेक ठिकाणी, जालना असो की नाशिक जिल्हा, ऐन तुरा यायच्या वेळी पावसाने दडी मारली की काय होतं ते शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलीला सांगायला लागत नाही. विषय तिने स्वतः निवडलेला.

लॅबमध्ये ताण द्यायची पद्धत ठरलेली. बी रात्रभर भिजवायचं, ओल्या कागदाच्या गुंडाळीत उगवून घ्यायचं, मग झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यांत रोपं लावायची, मुळं खाली द्रावणात, माशांच्या टँकला लावतात तो एअर पंप, डब्याला बाहेरून फॉइल. कंट्रोलच्या, म्हणजे ताण न दिलेल्या डब्यात अर्ध्या ताकदीचं होगलंड, म्हणजे पोषकद्रव्याचं द्रावण. ताणाच्या डब्यात पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल), जे मुळाबाहेरचं पाणी धरून ठेवतं आणि रोपाला ते ओढणं अवघड जातं.

अडचण

सगळं लक्ष पानावर होतं, आणि पानाचं काम खरंच कष्टाचं होतं. मेसोफिल वेगळं काढायला पान बारीक कापून एंझाइममध्ये भिजवायचं, बंडल शीथसाठी ब्लेंडरमध्ये थोडं थोडं फिरवून जाळीवर गाळायचं, मग मायक्रोस्कोपखाली बघायचं की शिरेभोवती हिरव्या मण्यांच्या माळेसारख्या पेशी स्वच्छ दिसतायत का, की मेसोफिलचे तुकडे चिकटलेत अजून. दोन्ही भाग किती स्वच्छ निघालेत ते तपासायला पेपसी आणि रुबिस्को ही दोन एंझाइमं मार्कर म्हणून, म्हणजे ओळखखूण म्हणून, पेपसी मेसोफिलचा आणि रुबिस्को बंडल शीथचा. यात तिचे चार महिने गेले आणि शेवटी तिचा हात बसला.

मूळ आम्ही घेतलं ते नुसतं तुलनेसाठी, प्रत्येक जेलवर एक-दोन लेन, म्हणजे नमुन्याच्या उभ्या रांगा. आणि गंमत बघा, सगळ्यात ठळक फरक नेमका तिथेच दिसला. नेटिव्ह जेलवर प्रोटीन न उलगडता त्याच्या विद्युतभार आणि आकारानुसार वेगळं होतं, त्यावर फेरेडॉक्सिन ओळखून चिकटणारी अँटीबॉडी लावली की कंट्रोलच्या मुळात दोन बँड, म्हणजे दोन पट्टे, आणि पीईजीच्या मुळात एकच. वरचा, म्हणजे दुसरा, गायब. एकदा केलं, दोनदा केलं, तीन वेळा नवीन रोपं वाढवून केलं, तिन्ही वेळा तेच. पानात ताणाने जो काही फरक होता तो अगदी बारीक, आणि इथे तर एक अख्खा बँडच नाहीसा होतोय.

आमच्या गाईड सरांनी बघितलं, खूश झाले, एका परिषदेसाठी गोषवारा लिहायला सांगितला. तो गेलाही. त्यात वाक्य होतं की ताणाखाली मुळातलं एक फेरेडॉक्सिन बंद पडतं.

मग रोपांचा चौथा लॉट. कंट्रोलच्याच मुळात एक बँड. पीईजीतही एक. म्हणजे फरकच नाही.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. मांडलेल्या शक्यता अशा होत्या आणि प्रत्येकीत काहीतरी दम होता म्हणूनच निर्णय अवघड गेला.

सरांचं म्हणणं होतं पहिल्या तीन लॉटमध्ये मुळाच्या नमुन्यात वरचा हिरवा भाग थोडा आला असेल, आणि दुसरा बँड म्हणजे पानातलं फेरेडॉक्सिन. अँटीबॉडी बनवलेली पानातल्या प्रोटीनविरुद्ध, पण रोपाच्या मुळातलंही पकडते, त्यामुळे बँड कुठल्या प्रकाराचा हे ती सांगूच शकत नाही. हे अगदी बरोबर होतं.

माझं म्हणणं वेगळं होतं. लोखंड-गंधकाचा गुच्छ निघून गेला तर रिकामं प्रोटीन नेटिव्ह जेलवर वेगळ्या जागी दिसू शकतं. नमुना काढताना उशीर झाला, थंड राहिला नाही, हवा लागली, तर असं होतं. मला खात्रीच होती जवळजवळ.

तिचं म्हणणं सगळ्यात साधं होतं. ती म्हणाली, "दादा, चौथ्या लॉटमध्येच काहीतरी वेगळं झालंय, पण काय ते मला सांगता येत नाहीये."

पुढे काय करायचं याचे मार्गही तीन. प्रत्येक प्रकाराला वेगळी अँटीबॉडी बनवून घ्यायची, पण पैसा आणि काही महिने दोन्ही लागणार, आणि हे प्रकार एकमेकांशी इतके मिळतेजुळते की वेगळेपणाची खात्री नाही. बाहेर मास स्पेक्ट्रोमेट्रीला, म्हणजे तुकड्यांच्या वजनावरून प्रोटीन ओळखायला पाठवायचं, तिथे नंबर लागायला वेळ. किंवा प्रत्येक जीनसाठी वेगळे प्रायमर, म्हणजे फक्त तोच जीन पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, काढून त्याचा आरएनए बघायचा, स्वस्त आणि पटकन होणारं, फक्त त्यातून प्रोटीनची नाही तर संदेशाची माहिती मिळते. अजून एक चौथा मार्ग होता जो कोणी मोठ्याने बोललं नाही पण सगळ्यांच्या मनात होता, की चौथा लॉट फसला म्हणायचं, बाजूला ठेवायचा आणि पुढे जायचं. तीन विरुद्ध एक. गोषवारा तर जाऊन बसलेला. तिनेच सांगितलं की ती हे करणार नाही.

काय केलं

आधी माझी शक्यता तपासली, आणि आता वाटतं की ती आधी तपासली कारण मी सीनियर होतो, दुसरं काही कारण नव्हतं. नमुने बर्फावर, बफरमध्ये हवेपासून प्रोटीन जपणारं मर्कॅप्टोइथेनॉल, सगळं पटापट. दोन आठवडे गेले आणि बँड होते तिथेच. मग सरांची शक्यता. जुने मुळांचे नमुने डीप फ्रीजरमध्ये होते, त्यात क्लोरोफिल मोजलं, काही नाही, रुबिस्कोचा ब्लॉट, म्हणजे अँटीबॉडीने शोध, केला, काही नाही. म्हणजे पानाची भेसळ नव्हती.

मग एक दिवस ती ट्रे धुवायच्या सिंकजवळ उभी होती आणि आमच्या लॅबचे मामा, जे काचसामान बघतात, डबे भरून ठेवतात आणि रोज सकाळी पातळी कमी झाली की भर घालतात, त्यांना तिने सहज विचारलं की मागच्या लॉटला काही वेगळं केलं होतं का. मामा म्हणाले, "ताई, त्या टायमाला तुमची ती निळ्या झाकणाची बाटली संपलेली. तुम्ही गावाला गेलेल्या. मग मी डिस्टिलचंच पाणी घातलं सगळ्यात. रोपं तर चांगली होती की."

निळ्या झाकणाच्या बाटलीत आमचं होगलंड असायचं. रोपं खरंच चांगली होती, आणि ते का हे कळल्यावर सगळं उलगडलं. मक्याचा दाणा मोठा, त्यात साठवलेलं अन्न एवढं असतं की पहिले आठ-दहा दिवस रोप बाहेरून काही न मिळताही तरारून वाढतं. पान पिवळं पडत नाही, उंची कमी दिसत नाही. डोळ्यांना काहीच कळत नाही. पण मुळाला कळतं की पाण्यात नायट्रेट नाहीये.

ती धावत वर आली, वही काढली, आणि तिथे खरा धक्का बसला. चौथ्या लॉटचं तर समजलं, पण पहिल्या तीन लॉटमध्ये पीईजी कशात विरघळवलं होतं? डिस्टिल्ड वॉटरमध्ये. लॅबमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेली कृती, फोटोकॉपीच्या कागदावर, "पीईजी इतके ग्रॅम, पाणी एक लिटरपर्यंत". म्हणजे कंट्रोलला होगलंड, ज्यात नायट्रोजन जवळपास सगळा नायट्रेटच्या रूपात, आणि ताणाच्या डब्याला ताणही आणि नायट्रेटचा उपासही. आम्ही ज्याला ताणाचा परिणाम म्हणत होतो तो बहुधा ताणाचा नव्हताच.

आणि तीनदा करून तेच आलं होतं याचं कारण तीनही वेळा चूक तीच होती. नवीन बी, नवीन डबे, नवीन जेल, पण कृती एकच. हे मला त्या दिवशी पोटात खड्डा पडल्यासारखं जाणवलं, कारण विद्यार्थ्यांना मीच सांगायचो की तीनदा आलं की विश्वास ठेवा.

मग प्रयोग नव्याने आखला, चार डबे. नायट्रेट आहे पीईजी नाही, नायट्रेट आहे पीईजीपण आहे, दोन्ही नाही, आणि नायट्रेट नाही पण पीईजी आहे. जिथे नायट्रेट काढलं तिथे पोटॅशियम नायट्रेटच्या जागी पोटॅशियम क्लोराइड आणि कॅल्शियम नायट्रेटच्या जागी कॅल्शियम क्लोराइड घातलं, म्हणजे पोटॅशियम आणि कॅल्शियम तरी सगळीकडे सारखं राहील. पीईजी प्रत्येक वेळी त्या त्या पोषक द्रावणातच विरघळवलं. डब्यांवर नुसतं ए, बी, सी, डी, आणि कुठलं काय ते फक्त माझ्याकडच्या कागदावर, जेल वाचून होईपर्यंत तिला माहीत नाही. हा तिचाच आग्रह होता.

शिवाय प्रायमरचा मार्ग घेतला. नायट्रेटशिवाय वाढवलेल्या रोपांना नायट्रेट द्यायचं आणि शून्य, दोन, सहा आणि चोवीस तासांनी मुळं काढायची.

निकाल

दुसरा बँड नायट्रेटच्या मागे गेला. दोन्ही नायट्रेटवाल्या डब्यांत होता, दोन्ही बिननायट्रेटवाल्यांत नव्हता, पीईजी असो नसो. आरएनएमध्ये फेरेडॉक्सिन ६ चा सिग्नल नायट्रेट दिल्यावर दोन तासांतच वर आलेला, आणि फेरेडॉक्सिन ३ चा सगळ्या वेळांना साधारण सारखाच. १९९७ च्या कामात जे लिहिलेलं होतं तेच आम्ही परत बघत होतो. तो पेपर तिच्या फोल्डरमध्ये होता, मीही वाचलेला होता, पण आम्ही तो "नायट्रेटचा पेपर" म्हणून ठेवून दिलेला, आमचा विषय पाण्याचा ताण ना.

आणि विचार केला तर झाडाच्या बाजूने हे किती बरोबर आहे. नायट्रेट आत आलं की त्याचं नायट्राइट होतं, आणि नायट्राइट पेशीत साठू देणं परवडत नाही, ते विषारी. त्यामुळे नायट्राइट रिडक्टेज वाढवायचं आणि त्याला इलेक्ट्रॉन पोचवणारंही बरोबरीनेच वाढवायचं, दोन्ही एकाच इशाऱ्यावर. जिथे नायट्रेटच नाही तिथे हा जादाचा वाहक बनवून ठेवण्यात काय अर्थ.

पीईजी आणि नायट्रेट एकत्र असलेल्या डब्यात मात्र दुसरा बँड थोडा फिका वाटत होता. हा ताणाचा खरा परिणाम असू शकतो, किंवा ताणामुळे मूळ नायट्रेटच कमी ओढतं आणि म्हणून असेल. मुळातलं नायट्रेट मोजल्याशिवाय यातलं काहीच म्हणता येत नाही, आणि तिने थिसिसमध्ये तेवढंच लिहिलं.

गोषवाऱ्याचं काय करायचं यावर दोन दिवस गेले. परिषदेला तीन आठवडे होते. एक मार्ग होता की जायचं आणि पोस्टरवर नवीन निकाल लावायचा, बरेच लोक करतात. पण छापील पुस्तिकेत जुनं वाक्य राहिलंच असतं आणि कोणीतरी ते उचललं असतं. सरांनी स्वतः मेल लिहून मागे घेतला, कारणासकट. तिला वाईट वाटलं, पहिलीच परिषद होती तिची, तिकीट काढून झालेलं. सर तिला म्हणाले, "तुझं नाव खाली आहे, ते चुकीच्या वाक्याखाली मला नको." मला त्या वेळी सरांबद्दल जो आदर वाटला तो लिहून ठेवावासा वाटतो.

एकूण सात महिने जास्त लागले. मुळाचं प्रकरण, जे थिसिसमध्ये दोन पानांचं होणार होतं, ते सगळ्यात मोठं झालं.

परत करायचं झालं तर

पहिला निर्णय जो मी बदलेन तो मुळाला दुय्यम समजण्याचा. पानाच्या प्रत्येक नमुन्याला दोन-दोन मार्कर आणि मुळाला एकही नाही. रोप कशात वाढलं, किती दिवस, कोणी पाणी घातलं, याची वहीत एक ओळ नव्हती, "८ दिवसांची रोपं" एवढंच. जे टिश्यू आपण नुसतं तुलनेला घेतो त्याची तपासणी ढिली होते, आणि मग तिथला निकाल ठळक आला की सावध व्हायच्या ऐवजी आपण खूश होतो.

दुसरं, चौथा लॉट बिघडल्यावर आम्ही आधी बफर आणि जेलकडे वळलो, रोपाकडे नाही. प्रोटीनवाल्यांची ही सवयच असते, सगळा दोष नळीत शोधायचा. रोप कसं वाढवलं ते विचारायला अर्धा तास लागला असता, आणि मामा रोज समोरच होते. आमच्या मीटिंगला त्यांना कधी बोलावलंच नव्हतं. आता डब्यांशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असते, मामा तारीख घालून लिहितात कुठल्या झाकणाच्या बाटलीतलं किती घातलं, आणि सोमवारच्या मीटिंगला ती वही टेबलावर असते.

तिसरं पीईजीच्या कागदाचं. तो कागद मी पण वापरलाय, माझ्या आधीच्यांनीही. म्हणजे माझ्या स्वतःच्या जुन्या कामातले ताणाचे दोन प्रयोग याच पद्धतीने केलेत, आणि त्यात मुळातली एंझाइमं मोजलीयत. ते मी परत करायला घेतलेत. पहिल्या चार डब्यांची रोपं आज सहा दिवसांची आहेत.